त्याला शुगर होती ना!

आज साताऱ्याला एका साखरपुड्याला जाऊन आले, नात्यातलाच होता. परत येताना गाडीत मी एक शब्द बोलले नाही. नवऱ्याने खंबाटकी घाटात एकदा आणि शिरवळला एकदा विचारलं, काय झालं, म्हटलं झोप आलीय. झोप वगैरे काही नाही. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी ओट्याशी उभी राहून हे टाइप करतेय. मोठं होणार आहे, वेळ नसेल त्यांनी सरळ पुढे सरका.

झालं असं की पंगतीत आमच्या समोर नात्यातले एक अण्णा बसले होते. विषय दादाचा, म्हणजे माझ्या भावाचा निघाला. चार वर्षं झाली त्याला जाऊन. कोणीतरी सहज म्हणालं की आज तो असता तर सगळ्यात पुढे नाचला असता, आणि अण्णा मठ्ठ्याचा घोट घेऊन, पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात तसे म्हणाले, "त्याचं काय, त्याला शुगर होती ना! आणि वजन तरी केवढं ते. कोरोना आपलं निमित्त."

निमित्त!

आणि हे बोलून झाल्यावर त्यांनी त्याच दमात वाढप्याला हाक मारली आणि शेजारच्या भावजींच्या पानात दोन जिलब्या घालायला लावल्या. भावजी रोज सकाळी पोटात इन्शुलिनची सुई टोचून घेतात हे अख्ख्या भावकीला माहितीय. ते बिचारे नको नको म्हणतायत, हे म्हणतायत, "अहो एका जिलबीनं काय होतंय!" म्हणजे मेलेल्याची शुगर लक्षात आहे, जिवंत माणसाची नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं असं नाही. दादा गेला त्या आठवड्यात जेवढे फोन आले त्यातल्या निम्म्यांमधे हेच. "शुगर होती ना त्याला?" आधी मला वाटायचं लोक हळहळतायत. नंतर कळलं, ते हळहळत नव्हते, खात्री करून घेत होते. शुगर होती म्हटलं की पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू यायचा, म्हणजे मग आपल्याला काही होणार नाही. पेपरात रोज यायचं बघा, मृतांमधे सहव्याधी असलेले इतके. तो शब्द तेव्हाच आला आपल्या घराघरात, सहव्याधी, म्हणजे आधीपासून असलेला आजार. लोक तो आकडा वाचून चहा प्यायचे.

दादा 43 वर्षांचा होता. वजन 104 किलो. सहा वर्षं शुगर, गोळ्या चालू, कधी घ्यायचा कधी विसरायचा. हो, वजन कमी करायला हवं होतं, मी स्वतः त्याच्याशी त्यावरून भांडलेय, मान्य. पण ज्या माणसाचं हार्डवेअरचं दुकान सकाळी आठला उघडतं आणि रात्री साडेनऊला बंद होतं, दुपारचा डबा जो तीन वाजता गल्ल्यावर बसून खातो, त्याला "चालायला जात जा" सांगणं फार सोपं असतं.

2021 च्या गुढीपाडव्याला त्याला ताप आला. 17 एप्रिलला जिन्यावरून वर आला तर ऑक्सिजन 88. बेड मिळवायला आम्ही किती फोन केले ते आता सांगत बसत नाही, तुम्ही सगळे त्यातून गेलायत. तालुक्याच्या गावात एका छोट्या हॉस्पिटलात मिळाला. वहिनी पॉझिटिव्ह, घरात बंद. म्हणून मी पुण्याहून गेले, आणि मी काय केलं सांगते.

मी मोसंबीचा रस दिला.

स्टीलचा थर्मास, एक लिटरचा, आईच्या वेळचा, झाकणाला पोचा आलेला. रोज सकाळी आठ-नऊ मोसंब्या पिळायच्या, थर्मासवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करने त्याचं नाव आणि बेड नंबर लिहायचा आणि हॉस्पिटलच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाकडे द्यायचा. आत कोणाला सोडत नव्हते. गेटवर अशा पिशव्यांची रांग असायची, शहाळी, चिकू, कोणी खजूर, कोणी शिरा. सगळ्यांचं एकच, पेशंटला ताकद आली पाहिजे. आतूनही नाष्ट्याला शिरा नाहीतर केळं आणि गोड चहा यायचा. मला कोणीही म्हणालं नाही की बाई, तुमच्या भावाला स्टेरॉइड चालू आहे, हा रस देऊ नका. मीही विचारलं नाही. मोसंबीचा रस तर आपल्याकडे औषधच समजतात ना!

स्टेरॉइडबद्दल मला तेव्हा काडीचं माहीत नव्हतं, आता माहितीय. डेक्सामेथासोन. ऑक्सफर्डवाल्यांनी जून 2020 मधे सांगितलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधे या स्वस्तातल्या औषधाने मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमधे एक पंचमांशाने. तर स्टेरॉइड द्यायलाच हवं होतं, त्याने जीव वाचलेत, त्यात वाद नाही. पण तेच औषध शुगर उसळवतं. आणि त्यातली गोम अशी की सकाळची उपाशीपोटीची शुगर बऱ्यापैकी दिसू शकते, दुपारनंतर ती चढत जाते. दादाची शुगर बघायचे कधी? सकाळी. एकदा. 180, 190. फाइलवर लिहायचे आणि पुढच्या बेडकडे.

तो थर्मास जायचा साडेनऊला. म्हणजे शुगर बघून झाल्यावर.

पाचव्या दिवशी रात्री त्याने व्हिडिओ कॉल केला. ओठ पांढरे पडलेले, जीभ टाळ्याला चिकटत होती, सारखा पाणी मागत होता. म्हणाला, अगं दर अर्ध्या तासाला लघवीला होतंय, आणि नाकावरचा मास्क काढून उठायचं म्हणजे जीव जातो. मी आरडाओरडा केला तेव्हा कुठे वॉर्डबॉय मशीन घेऊन आला. बोट टोचलं. मशीनवर आकडाच आला नाही. नुसतं "हाय" असं आलं. सहाशेच्या वर गेली की ते मशीन आकडा देत नाही, इंग्रजी हाय दाखवतं. दादा त्याही अवस्थेत फोनकडे बघून हसला, म्हणाला, बघ, मशीनला पण माझी हाय लागली.

हे मी अण्णांना पंगतीत सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं. भाजी कशी झालीय विचारलं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे शुगरनेच गेला की. अरे, मी कुठे म्हणतेय शुगरचा आणि वजनाचा काही संबंध नाही! संबंध आहेच, आणि चांगला दणदणीत आहे. पोट मोठं असलं की आडवं झाल्यावर ते छातीखालच्या पडद्याला वर रेटतं, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगतच नाही, आधीच अर्धं फुप्फुस न्यूमोनियाने भरलेलं. शिवाय चरबी म्हणजे काही पोत्यात भरून ठेवलेलं धान्य नाही, ती गप्प पडून राहत नाही, सूज वाढवणारी रसायनं सोडत असते. शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि वर रक्ताच्या गाठी होण्याची भीती. हे सगळं जगाला एप्रिल 2020 मधेच कळलं होतं. फ्रान्समधे लिलच्या आयसीयूत दिसलं की जेवढं वजन जास्त तेवढी व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता जास्त. बोरिस जॉन्सन स्वतः आयसीयूतून परत आला आणि म्हणाला की मी फार जाड होतो. म्हणजे दादा आजारी पडायच्या आधी वर्षभर हे माहीत होतं. अख्खं वर्ष!

माझा राग इथे आहे. जे आधी माहीत असतं ते काळजी घेण्यासाठी असतं, नंतर खांदे उडवण्यासाठी नाही. सप्टेंबर 2020 मधे "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" वाले घरी आले होते, दादाने सगळं खरं सांगितलं, शुगर आहे, त्यांनी लिहून घेतलं. लिहून घेऊन काय केलं? 2021 च्या 1 मार्चपासून लस आली ती साठीच्या पुढच्यांना, आणि सहव्याधी असेल तर 45 ते 59 वाल्यांना. सहव्याधींची यादी वीस आजारांची होती आणि त्या यादीत लठ्ठपणा नव्हताच. 1 एप्रिलपासून 45 वरच्या सगळ्यांना. दादा 43. अठरा वर्षांच्या पुढच्यांना दार उघडलं ते 1 मेला. दादा 29 एप्रिलला गेला. लस तेव्हा पुरत नव्हती, कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मलाही कळतं. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, तसं आहे ते.

आणि हो, इंग्लंडमधे पहिल्या लाटेत हॉस्पिटलमधे कोविडने जे गेले त्यांच्यात तीनात एक डायबेटिसवाला होता. हे वाचून अण्णांसारखे लोक म्हणणार, बघा. मी म्हणते, उरलेल्या दोघांचं काय? त्यांना कशाची नावं ठेवायची?

गंमत म्हणजे अण्णा स्वतः काडीपैलवान आहेत. हात-पाय वाळकुडे, आणि शर्ट आत खोचला की पट्ट्यावरून गोल पोट डोकावतं. त्यांना वाटतं आपण बारीक. आपल्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आयुष्यभर हेच सांगत आलेत, आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले. त्यांचा एक गाजलेला फोटो आहे, ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, बरोब्बर 22.3, पण इंग्रजाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या 21.2. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय 25 झाला की लठ्ठ धरतात, तिकडे 30 ला. अण्णांनी शेवटची शुगर कधी तपासली, विचारायला पाहिजे.

जाऊ दे. अण्णांवर किती वेळ चिडू. वाईट माणूस नाहीये तो. दादाच्या वेळी दहा हजार रुपये न मागता आणून दिले होते, तेही इथे लिहिलं पाहिजे.

हॉस्पिटलवाल्यांवरही मला तेवढं चिडता येत नाही. तीस बेडला रात्री दोन सिस्टर. एकदा मी फोनवर ओरडले तर ती पोरगी, असेल तेवीस-चोवीसची, म्हणाली, ताई, मी सकाळपासून हा ड्रेस घातलाय, पाणी पण नाही प्यायले. मग काय बोलणार. तिनेच नंतर दादाला पालथं झोपवलं. बाकीचे पेशंट सांगितलं की होतात, दादाला जमेना, पोट आड येत होतं. तिने दोन वॉर्डबॉय बोलावले, छातीखाली दोन उशा, कमरेखाली दोन, मधे पोटाला जागा. दहा मिनिटं लागली. ऑक्सिजन 84 चा 91 झाला. जाड माणसाला पालथं करता येत नाही असं मला आधी दोघांनी सांगितलं होतं. येतं. फक्त जास्त हात लागतात आणि चार उशा लागतात. दोन उशा घरून मी नेऊन दिल्या, त्या परत आल्या नाहीत.

त्या रात्रीनंतर त्याला इन्शुलिनचं ड्रिप लावलं, दर तासाला शुगर बघायला लागले, दोन दिवसांत दोनशेच्या आत आली. मला वाटलं सुटलो. पण तोवर फुप्फुसाचं व्हायचं ते झालं होतं. आधीच झालं असतं का, रस दिला नसता तर वाचला असता का, पहिल्या दिवसापासून दुपारची शुगर बघितली असती तर? पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, तुम्ही रसाचा विचार सोडा, तेवढ्या स्टेरॉइडवर शुगर तशीही चढलीच असती. खरं असेल. धीर देत असतील. त्याच्या शेजारच्या बेडवर कोरेगावचे एक काका होते, शुगरवाले, वजनही बरंच, दादापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांचा मुलगा रोज फोन करून दुपारची आणि रात्रीची शुगर विचारायचा, डॉक्टरांचं डोकं खायचा. ते काका घरी गेले. मी रस देत होते आणि तो आकडे विचारत होता. एवढंच डोक्यात बसलंय माझ्या, काढलं तरी निघत नाही.

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी गेलं आणि तुमच्या तोंडावर "त्याला शुगर होती ना" आलं तर गिळा.

एक सांगायचं राहिलं, म्हणजे मुद्दामच शेवटी ठेवलं. अण्णा ते वाक्य बोलले तेव्हा माझ्या डाव्या बाजूला माझा भाचा बसला होता. दादाचा मुलगा. सतरा वर्षांचा आहे, अंगाने बापावर गेलाय, हसतोही तसाच. त्याने सगळं ऐकलं. मान खाली घालून भात कालवत राहिला. मग वाढपी त्याच्यापर्यंत आला, अण्णा समोरून म्हणाले, "घाल घाल, वाढत्या वयाचा आहे." पोराने पानावर हात आडवा धरला. वाढप्याला वाटलं नेहमीचं नको-नको आहे, त्याने वरून सोडलीच जिलबी. ती त्याच्या हातावर पडली. मनगटावरून पाक ओघळला. कोणीतरी हसलं. तो हात धुऊन येतो म्हणून उठला आणि पंगत उठेपर्यंत परत आला नाही.