मासे मेले नाहीत, म्हणून तळे सुखरूप आहे का?

नमस्कार.

सोसायटीच्या तळ्यात कीटकनाशक टाकू नये, या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, आपल्याकडे पावसाळ्यात दर आठवड्याला अगदी थोडे औषध फवारले जाते, त्याने आजवर एकही मासा मेलेला नाही, आणि मुंबईत डेंग्यू-मलेरियाने मुले आजारी पडत असताना बेडकांची काळजी करणे ही चैन आहे. मुलांविषयीची आपली कळकळ माझीही आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास तळ्यापेक्षा पिंप, कुंडीखालची ताटली, जुने टायर, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पाणी पसंत करतो. शहरातील मलेरियाचा मुख्य वाहक ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामाच्या जागी साठलेल्या पाण्यात वाढतो. जिवंत तळ्यात मात्र चतुर आणि टाचणी या उडत्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्ले, पाणभुंगे व लहान मासे डासांच्या अळ्या खातात. फवारणीत हे भक्षकही मरतात. डासांची नवी पिढी पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत तयार होते, तर चतुराच्या पिल्लाला वाढायला कित्येक आठवडे, काही जातींत महिने लागतात. तेव्हा फवारणीचा खर्च टाक्यांची झाकणे बसवण्यावर व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘थोडेच औषध’ या मुद्द्यावर मात्र थांबायला हवे. अमेरिकेत रिक रेलिया हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कृत्रिम तळ्यांमध्ये लिटरला 10 मायक्रोग्रॅम मॅलॅथिऑन हे कीटकनाशक दर आठवड्याला घातल्याने जो परिणाम झाला, तो अनेक बाबतींत एकदाच घातलेल्या पंचवीसपट मात्रेपेक्षा मोठा होता. त्या मात्रेने बेडूकमासे थेट मेले नाहीत. मेले ते शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे पाणपिसवांसारखे बारीक जीव. त्यामुळे पाण्यात तरंगणारे शेवाळ माजले, तळाशी प्रकाश पोहोचेना, आणि बेडूकमासे ज्यावर जगतात तो तळाचा शेवाळी थर खुरटला. उपाशी राहिलेल्या बिबट्या बेडकाच्या पिल्लांपैकी अनेकांची, तळे आटण्यापूर्वी, बेडूक होण्याइतकी वाढच झाली नाही. मृत मासे मोजून हे नुकसान कधीच कळले नसते.

औषध सायपरमेथ्रिन वा डेल्टामेथ्रिनसारखे असेल, तर माशांनाही मोठा धोका आहे, कारण ही रसायने त्यांच्या शरीरात फार सावकाश विघटित होतात आणि लिटरला काही मायक्रोग्रॅम, कधी त्याहूनही कमी मात्रा घातक ठरते. शिवाय ती पाण्यातून लवकर नाहीशी होतात ती गाळाला चिकटून. म्हणून पाण्याचा नमुना स्वच्छ आला, तरी तळाशी राहणाऱ्या जिवांची सुटका झालेली नसते.

तळ्यात अळ्या खरोखरच आढळल्या, तर बी.टी.आय. हे जिवाणूजन्य औषध पुष्कळ बरे. तेही डासांशी जवळचे नाते असलेल्या काही उडत्या माश्यांच्या अळ्यांना मारू शकते, म्हणून गरजेपुरतेच वापरावे. ठेकेदाराकडून डब्यावरील रसायनाचे नाव लिहून घ्यावे, आणि सकाळी पांढऱ्या वाडग्यात तळ्याचे पाणी घेऊन झटके देत पोहणारे, शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवांचे बारीक ठिपके दिसतात का, ते पाहावे. पाणी हिरवे होण्यास सांडपाणी किंवा निर्माल्यही कारण असू शकते. पण पाणी हिरवे असून हे ठिपके एकदाही दिसले नाहीत, तर फवारणी थांबवून काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे.