मॅग्नेटार लोखंडामुळे बनत नाही, आणि सुनामी तर त्याने मुळीच आणली नाही

आमच्या देवगड-मालवणकडच्या ग्रुपांवर परत मॅग्नेटारचा (मोठा तारा मेल्यावर उरणारा, अफाट चुंबकत्वाचा न्यूट्रॉनचा गोळा) तोच मेसेज फिरतोय. म्हणे मॅग्नेटार म्हणजे लोखंडाचा मेलेला तारा, लोखंड आहे म्हणून चुंबक, आपला सूर्यपण एक दिवस तसाच होणार, आणि २००४ ची सुनामी अशाच एका ताऱ्याने आणली. चारही गोष्टी चूक आहेत आणि दर्यावर पोट असलेल्या घरांत हे वाचून लोक खरोखर घाबरतात, म्हणून लिहितेय.

आधी लोखंड. मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंडाचा गाभा बनतो हे खरंय, पण लोखंड ७७० अंशांच्या वर तापलं की त्याचं चुंबकपण जातं आणि तिथे तर अब्जावधी अंश असतात, शिवाय गाभा कोसळला की अणूच फुटतात आणि बहुतेक सगळ्याचे न्यूट्रॉन होतात. मग एवढं चुंबकत्व येतं कुठून? काही हजार किलोमीटरचा गाभा दाबला जाऊन २०-२५ किलोमीटरचा गोळा होतो, त्याच्यातलं मूळचं चुंबकीय क्षेत्रही सोबत दाबलं जातं आणि गोळा गरागरा फिरायला लागतो. १९९२ मध्ये रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन या शास्त्रज्ञांनी मांडलं की तो सेकंदाला शेकडो फेऱ्या मारत असेल तर जन्मानंतरच्या पहिल्या काही सेकंदांतच आतल्या खळबळीचा डायनामो (फिरण्यातून चुंबकीय क्षेत्र वाढवणारं यंत्रच) होतो आणि क्षेत्र १०० लाख कोटी गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप) पुढे जातं. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीचं क्षेत्र मोजतात, ते अर्धा गॉससुद्धा भरत नाही!

काहींच्या मते क्षेत्र मूळ ताऱ्यातच जबर असतं, नुसतं दाबलं तरी पुरतं. २०२३ मध्ये एचडी ४५१६६ या अजून न कोसळलेल्या हेलियमच्या ताऱ्यात ४३,००० गॉस सापडले, तेव्हापासून मला हाही मार्ग पटायला लागलाय. वाद मिटलेला नाही.

सूर्याचं एका ओळीत: असा शेवट व्हायला सूर्याच्या साधारण आठपट वजन लागतं, सूर्याचा श्वेत बटू (हळूहळू थंड होत जाणारा छोटा, दाट तारा) होणार.

आता सुनामी. सुमात्राचा भूकंप २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला. मेसेजमधला तो तारा म्हणजे एसजीआर १८०६-२० हा मॅग्नेटार, त्याचा भडका आपल्याकडे पोचला २८ तारखेला पहाटे तीनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांनी. त्याने पृथ्वीचं आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) हललं, समुद्र नाही. आणि प्रकाशाच्या आधी त्या ताऱ्याकडून काहीच येऊ शकत नाही, गुरुत्वलहरीसुद्धा (अवकाशातून पसरणारी गुरुत्वाची कंपनं) नाही. सुनामी आली ती समुद्राखालची प्लेट सरकली म्हणून. आपल्या किनाऱ्याला भीती आहे ती मकरानच्या (पाकिस्तान-इराणचा किनारा) बाजूची, १९४५ च्या नोव्हेंबरात तिथल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. तेव्हा बोटवाल्यांनी हैदराबादच्या इन्कॉइसचा (सुनामीचे इशारे देणारी सरकारी संस्था) इशारा बघावा, हा फॉरवर्ड नको.