'का' अजगर असा नव्हता हो

आज सकाळी आमच्या सोसायटीत धामण मारली. पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीजवळ निघाली होती. पाच-सहा फूट लांब, पिवळसर तपकिरी, भिंतीच्या कडेकडेनं गटाराकडे चालली होती बिचारी. मुलं स्कूलबसची वाट बघत उभी होती. त्यातला एक जण ओरडला, "'का' आला! डोळ्यांत बघू नका, झोपवतो!" झालं, सगळीच किंचाळायला लागली आणि दोन मिनिटांत मोठी माणसं काठ्या घेऊन हजर. मी सर्पमित्राला फोन लावेपर्यंत सगळं संपलं होतं. बिनविषारी, उंदीर खाणारा जीव.

मुलांवर माझा राग नाही. रविवारी क्लबहाउसमध्ये त्यांना डिस्नेचा १९६७ चा 'जंगल बुक' दाखवला होता. माझी लेकही होती त्यात. तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तो गरगर डोळ्यांचा, मोगलीला विळख्यात घेऊन गिळायला निघालेला अजगर बसलाय.

अरे, किपलिंगच्या मूळ पुस्तकातला 'का' मोगलीचा मित्र आहे! वानरांनी मोगलीला पळवून पडक्या शहरात नेलं, तेव्हा बाळू आणि बगीरा कोणाकडे गेले मदत मागायला? 'का'कडे. त्याची भूल वानरांवर पडते, अगदी बाळू-बगीरावरही पडते, पण मोगलीवर नाही. रानकुत्र्यांचा मोठा कळप चालून येतो, तेव्हा मधमाश्यांच्या कड्याची युक्ती सुचवणारा कोण? 'का'च. आणि माझा सगळ्यात आवडता प्रसंग: 'का'नं नुकतीच कात टाकलीय आणि मोगली त्याच्या वेटोळ्यात आरामखुर्चीत बसावं तसा रेलून गप्पा मारतोय. एवढी माया असलेलं नातं उचललं आणि त्याचा खलनायक केला.

माझे आजोबा तुमसरकडे नाकेदार, म्हणजे जंगल खात्यात वनरक्षक होते. मी सात वर्षांची असेन. पावसाळा नुकताच सरला होता. त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी नदीकडच्या कच्च्या रस्त्यानं येत होते, आणि समोर अजगर. डोकं या बाजूच्या गवतात, शेपूट अजून पलीकडच्या. आजोबांनी ब्रेक दाबला, पाय टेकवला. "थांब वो. जाऊ दे त्याले आधी." घंटीसुद्धा वाजवली नाही त्यांनी. मी दांडी घट्ट धरून बसले होते, भीती वाटतच होती. पण आजोबांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि त्या हाताला कसलीही घाई नव्हती.

ती नदी म्हणजे वैनगंगा. मोगलीची आणि आमची एकच. सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि खाली आमच्या भंडाऱ्यावरून पवनीकडे जाते. पुस्तकात शेरखान मरतो तो तिच्याच घळीत, म्हशींच्या खुरांखाली. सिनेमात त्याच्या शेपटीला जळती फांदी बांधली की तो पळून जातो. का, तर मुलांना झेपणार नाही म्हणून! मुलांना सगळं झेपतं. आजोबा मला वाघानं मारलेल्या गाईजवळ घेऊन गेले होते, तेही मला झेपलं.

वॉल्ट डिस्नेंनी म्हणे कथा लिहिणाऱ्याच्या हातात पुस्तक दिलं आणि पहिली अट घातली की हे वाचायचं नाही. मग असंच होणार ना? वानरांना राजा दिला, तोही ओरांगउटान, जो भारताच्या जंगलात सापडतच नाही. पुस्तकातल्या वानरांना राजाही नाही आणि कायदाही नाही, म्हणून तर कोणी त्यांना जनावरांत धरत नाही. आणि कायदा शिकवणारा, चुकलं की फटका देणारा बाळू? तो नुसता नाचतो.

गाणी छान आहेत, मान्य. किपलिंग पक्का साम्राज्यवादी होता, तेही मान्य, आज तो विषय नाही. सिनेमा करताना बदल करावे लागतात हेही मला कळतं. प्रसंग गाळा, गाणी घाला. पण जो मित्र आहे त्याला शत्रू करू नका हो. जंगल न बघितलेल्या मुलाच्या मनात सापाचं पहिलं चित्र हेच उमटतं, आणि मग पार्किंगमध्ये काठ्या निघतात.

ज्यांनी मारली त्यांच्याशी दुपारी जाऊन भांडून आले. ते म्हणाले, लहान मुलं होती, चावली असती तर? त्यांचा नातू तिथं उभा होता. त्यावर मला फार बोलता आलं नाही. सर्पमित्राचा नंबर तेवढा वॉचमनच्या केबिनवर चिकटवून आले.

रात्री लेकीला पुस्तकातलं ते कात टाकल्याचं पान वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "आई, मोगली त्याच्यावर टेकून बसतो? खरंच?" मग तिला आजोबांची, सायकलची आणि त्या अजगराची गोष्ट सांगितली. तिला एकच जाणून घ्यायचं होतं, आम्ही किती वेळ थांबलो होतो. मला तेवढं आठवत नाही. शेपूट गवतात दिसेनाशी झाल्यावरही आजोबा लगेच निघाले नव्हते, एवढंच आठवतं.