घाई चुकीच्या जागी होतेय

मी बालवाडीत शिकवते, बरीच वर्षं झाली. ॲडमिशनचे दिवस जवळ आले की पालकांचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ताई लिहायला कधी घेता? मूल असतं तीन वर्षांचं. शेजारच्या शाळेत नर्सरीतच ए टू झेड लिहून घेतात, आमची अजून पेन्सिलसुद्धा मुठीत धरते, काही प्रॉब्लेम आहे का? नाही हो, काहीही प्रॉब्लेम नाही, तीन वर्षांच्या मुलीने मुठीत खडू धरून कागदभर गिरगोटलं तर ते तिच्या वयाचंच काम आहे. आणि मग एखादा असाही फोन येतो की मुलगा साडेतीनचा झालाय, अजून दोन शब्द जोडून बोलत नाही, पण घरात सगळे निवांत आहेत कारण त्याचे बाबापण म्हणे उशिराच बोलले होते.

जिथे थांबायला हवं तिथे आपण पळतोय, आणि जिथे पळत जाऊन डॉक्टरांना दाखवायला हवं तिथे 'होईल गं हळूहळू' म्हणत बसलोय. ह्याबद्दल मला मनापासून बोलायचंय, पोस्ट लांब होणार आहे.

आधी लिहिण्याचं बघू. अक्षर काढायला नुसती पेन्सिल हातात असून भागत नाही, खांदा स्थिर लागतो, मनगट वळावं लागतं, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत जोर यावा लागतो. साधारण तीनला मूल आपण काढून दाखवल्यावर गोल काढतं, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह जमतं, मग चौकोन, आणि त्रिकोणाची तिरकी रेघ तर पाचच्या आसपास यायला लागते. आता जरा 'अ' काढून बघा, त्यात किती वळणं आहेत! ज्या मुलाला अजून चौकोनाचा कोपरा वळवता येत नाही त्याच्याकडून आपण पानं भरून 'अ' लिहून घेतो आणि वर म्हणतो की तो अभ्यासाचा कंटाळा करतो.

हाताची तयारी घरात कशी होते ते सांगते. मटार आणले की एक वाटी मुलापुढे ठेवा. शेंगेचं टोक दोन बोटांत पकडायचं, दुसऱ्या हाताने शेंग घट्ट धरायची, टोक दाबून फोडायचं, मग अंगठा आतून सरकवत दाणे वाटीत पाडायचे. पहिल्या शेंगा चुरगळतात, दाणे सोफ्याखाली जातात, मूल चिडतं, पण चार-आठ दिवसांत बघा, दोन्ही हात वेगवेगळी कामं करत एकमेकांना साथ द्यायला लागतात. पुढे लिहिताना हेच तर हवं असतं, एका हाताने वही धरायची आणि दुसऱ्याने लिहायचं. (शेजारी बसून राहा मात्र, ह्या वयात दाणे नाकात घालणारी मुलं असतात.) कणकेचा गोळा द्या, कपड्यांचे चिमटे लावायला द्या, शर्टाची बटणं त्याची त्याला काढू द्या, काढणं आधी जमतं, लावणं नंतर. सकाळी स्कूल व्हॅन खाली उभी असते हे मला माहितीये, तेव्हा शक्य नाही, पण संध्याकाळी कपडे बदलताना पाच मिनिटं कुणाचीही निघतात.

आणि जेवण! हे मला पोटतिडकीने सांगायचंय. अमेरिकेतल्या सीडीसी ह्या सरकारी संस्थेची मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी आहे, त्यात तीन वर्षांच्या मुलाला काटा वापरता यावा असं आहे. आपल्याकडे काटा नाही, पण पोळीचा तुकडा मोडणं, वरणभाताचा घास पाची बोटांत गोळा करणं हे बोटांसाठी त्याहून अवघड काम आहे, आणि तेच आपण काढून घेतलंय. चार वर्षांचं मूल मोबाईलकडे बघतंय, तोंड उघडतंय, आई घास घालतेय, काय खाल्लं किती खाल्लं त्याला पत्ताच नाही. सांडू दे की. खाली पेपर अंथरा.

त्याच सीडीसीने २०२२ मध्ये ही यादी बदलली आणि त्यातली एक गोष्ट पालकांनी नक्की समजून घ्यावी अशी आहे. नव्या यादीत एखादी गोष्ट ज्या वयापुढे लिहिलीये ती त्या वयाची निदान ७५ टक्के मुलं करत असतील अशी अपेक्षा धरलेली आहे. म्हणजे ही हुशार मुलांची यादी नाही, बहुतेक मुलांना जे जमतं त्याची यादी आहे, त्यामुळे त्यातलं काही येत नसेल तर मूल नापास झालं असं अजिबात नाही पण दुर्लक्षही करायचं नाही, विचारायचं. तीनला मूल आपल्याशी दोन वाक्यं इकडून दोन तिकडून अशा गप्पा मारतं, कोण, कुठे, का असं विचारून भंडावून सोडतं. चारला चार शब्दांची वाक्यं येतात, आज शाळेत काय झालं त्यातलं एखादं तरी सांगतं, माणूस काढायला सांगितला तर डोकं आणि त्यातूनच फुटलेले हातपाय असं काहीतरी काढतं. पाचला एका पायावर उड्या मारता येतात, म्हणजे आपली लंगडी, आणि दोन प्रसंग जोडून छोटी गोष्ट सांगता येते. अक्षरओळख त्यात किती थोडी आहे बघा! पाच वर्षांचं झालं की आपल्या नावातली काही अक्षरं लिहिता यावीत आणि बोट ठेवून दाखवलेली काही अक्षरं सांगता यावीत, बस.

मुलांची तुलना करू नका म्हणतात ते मला पटतंच, पण त्याचं एक साधं कारण कुणी पालकांना सांगत नाही. आपल्या महाराष्ट्रात शाळाप्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंतचं वय धरतात, त्यामुळे एकाच वर्गात जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल शेजारी बसतं. तीन वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे केवढे! जानेवारीवाली घडाघडा बोलते आणि डिसेंबरवाला आईचा पदर सोडत नाही तर दोघंही ठीक असू शकतात. तुलना करायची तर त्याची त्याच्याशीच, गेल्या गणपतीत काय येत होतं आणि आता काय येतं.

आता बोलण्याकडे येते, जिथे मी घाई करा म्हणतेय. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, 'दूध दे', 'बाबा गेला' एवढंही नाही, तर तिसऱ्या वाढदिवसाची वाट बघू नका. 'काकू'चं 'तातू' होणं तीनला गोडच आहे, चारनंतर मात्र ते मागे पडायला हवं. र आणि ळ उशिरा येतात, त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. मधेच अडखळायला लागलं, पहिलाच शब्द तीन-तीनदा म्हणायला लागलं तर ह्या वयात बऱ्याच मुलांचं होतं, त्याला 'नीट बोल' म्हणू नका, वाक्य आपण पुरं करू नका, फक्त थांबून ऐका. महिनोन्महिने चाललं किंवा बोलताना मूल चेहरा आवळायला लागलं तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला, म्हणजे दुकानदाराला, रिक्षावाल्या काकांना समजायला हवं. आईला समजतं हा पुरावा धरू नका, आईला सगळंच समजतं.

आणि सगळ्यात आधी कान तपासा. अहो दार वाजलं तर वळतो की, ऐकू येतं त्याला, असं मला हमखास सांगतात. दाराचा धाडकन आवाज ऐकू येणं वेगळं आणि स, श, त असे हलके आवाज ऐकू येणं वेगळं. सतत सर्दी होणाऱ्या मुलांमध्ये कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं, दुखत नाही, ताप नाही, पण सगळं दबकं ऐकू येतं, मग मूल टीव्ही मोठा करतं, हाक मारली की लक्ष देत नाही, आणि आपण म्हणतो हट्टी आहे. ह्यावर इलाज आहे, पण कळलं तर.

दुसरी एक गोष्ट वर्गात हल्ली फार दिसते. मुलाला इंग्रजी अक्षरं सगळी येतात, रंग येतात, आकार येतात, व्हिडिओतल्यासारख्या उच्चारात गाणी म्हणतं, आईबाबा कौतुकाने सांगतात, आणि त्या मुलाला तहान लागली तर 'पाणी दे' म्हणता येत नाही, ते आपला हात धरून माठापाशी नेतं. पाठ असणं आणि बोलणं ह्या दोन गोष्टी आहेत. बोट दाखवून 'ते बघ' करत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, खोटं खोटं खेळत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. भातुकली हा मला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. रिकाम्या कपातून चहा पिणारं, बाहुलीला ताप आलाय म्हणून औषध देणारं मूल डोक्यात केवढं काम करत असतं!

स्क्रीनचं थोडक्यात सांगते कारण सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी. तीन तास! वन बीएचकेमध्ये ते कसं करायचं हा प्रश्न खराच आहे, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'डोंगर का पाणी' खेळायला काय लागतं? पळायचं, शब्द ऐकायचा, क्षणात थांबायचं, बदलायचं, कान आणि पाय आणि मन सगळं एकदम कामाला लागतं.

आणि कृपा करून मुलांशी तुमच्या भाषेत बोला. 'बेटा हँड वॉश कर, मग राईस ईट कर' हे ना धड मराठी ना धड इंग्रजी. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं असं नाही, दोन काय तीन भाषांतही मुलं मस्त वाढतात, पण समोरचा माणूस भरभरून बोलणारा हवा, आणि भरभरून आपण बोलतो ते आपल्याच भाषेत. मालवणी असो, वऱ्हाडी असो, अहिराणी असो, चालेल, धावेल.

हे सगळं नवीन नाही हो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, पानं, बिया वापरल्या. आपल्याच महाराष्ट्रात हे झालंय, आणि आपण वर्कशीटसाठी हजारो रुपये भरतोय.

खर्चाची भीती असेल तर अजून एक माहिती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि वाढीतला उशीरसुद्धा तपासतं, पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, पैसे लागत नाहीत. आपल्या अंगणवाडी सेविका ताईंना पथक कधी येणार ते विचारून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना एक करा. आधीच्या आठ-दहा दिवसांत घरात मूल खेळताना, भांडताना, काहीतरी मागताना मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा, त्याला कळू न देता. दवाखान्यात गेल्यावर बडबडं मूलही आईच्या कुशीत तोंड खुपसून बसतं आणि डॉक्टरांना काहीच बघायला मिळत नाही. व्हिडिओ दाखवा, कागदावर काय येतं काय येत नाही ते लिहून न्या, आजी जास्त वेळ सांभाळत असेल तर आजीलाही बरोबर घेऊन जा. आणि डॉक्टर म्हणाले की सहा महिने वाट बघू, तर त्या सहा महिन्यांत घरी काय करायचं आणि कान आत्ता तपासून घ्यायचे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.