अटाल्यातून आरास

चैत्रगौरीची आरास यंदा घरच्या घरी, टाकाऊ वस्तूंतून आणि काटकसरीनं करायची असं ठरवलं असेल, तर सगळ्यात आधी चार-पाच हजार रुपये बाजूला काढून ठेवा. काटकसर फुकट होत नाही.

हे पैसे कशाला, असं विचारणाऱ्यांनी अजून ग्लू गन घेतलेली दिसत नाही. ती घ्या. तिच्या कांड्यांचं एक पाकीट पुरत नाही, दोन घ्या. अ‍ॅक्रिलिक रंगांचा संच घ्या. त्यातला सोनेरी पहिल्याच दिवशी संपतो म्हणून त्याची मोठी बाटली वेगळी घ्या. शिवाय ब्रश, लेस, आभले, मोती, रंगीत सुतळी. आपल्या इंदुरात हे सगळं रानीपुऱ्यात मिळतं आणि घाऊक भावात मिळतं, म्हणजे एक लेस हवी असताना बारा मिळतात. बारांत एकेक किती स्वस्त पडली हा हिशेब दुकानातच करून घ्यावा, घरी आल्यावर तो जुळत नाही. एवढं होईतो संध्याकाळ उलटते. आता घरी जाऊन कुकर कोण लावणार? तेव्हा सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद होईपर्यंत राजवाड्यापाशी रेंगाळावं आणि मग त्याच दुकानांपुढे उभं राहून भुट्टे का कीस, साबुदाण्याची खिचडी आणि शेवटी रबडी खावी. हा खर्च आरासीत धरायचा नाही.

सामान झालं की टाकाऊ वस्तू जमवायच्या. इथे आपल्या शहराची खरी अडचण आहे. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येऊ लागलं, त्याचे सत्कार झाले, पण त्यापायी हौशी कलाकारांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. सकाळ झाली की गाणं वाजवत गाडी दारात हजर. ओला कचरा, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घातक आणि सॅनिटरी, असे सहा प्रकार वेगळे करून द्यायचे. घरात टाकाऊ म्हणून काही उरतच नाही. माझ्या पुण्याच्या मावसबहिणीच्या माळ्यावर वीस वर्षांचे खोके आहेत, नशीबवान बाई. आमच्या सासूबाई शाम्पूची बाटली संपण्याआधीच गाडीची चाहूल घेतात. म्हणून दिवाळीपासूनच कचरा लपवायला लागा. मी पलंगाखाली लपवते.

आता बाटल्या. सुतळी गुंडाळलेल्या, उंच मानेच्या काचेच्या बाटल्यांशिवाय हल्ली घर सजत नाही. त्या बाटल्यांतून जे येतं ते आमच्याकडे कुणी घेत नाही. निदान घरी घेत नाही. भाऊजींना विचारलं तेव्हा त्यांनी आधी दुखावल्यासारखा चेहरा केला आणि दुसऱ्या दिवशी दोन आणून दिल्या. उरलेल्या चार अटालेवाल्याकडून घेतल्या. (अटाला म्हणजे भंगार. चार पिढ्या माळव्यात काढल्यावर मराठीत तेवढं चालतं.) आपण देतो तेव्हा काच किलोवर जाते आणि घ्यायला गेलो की नगावर येते. तो पंधरा म्हणाला. घासाघीस करावी म्हणून मी म्हटलं, "भैया, पूजा में रखना है।" त्यानं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वीस सांगितले.

लेबल काढायचं तंत्र नीट समजून घ्या, कारण निम्मा चैत्र त्यातच जातो. कढत पाण्यात खायचा सोडा घालून बाटल्या रात्रभर बुडवून ठेवायच्या. सकाळी कागद सुटतो, डिंक सुटत नाही. डिंकावर गोडं तेल चोळायचं, अर्ध्या तासानं भांड्यांच्या तारेनं खरवडायचं. तेलाचा अंश राहिला तर वर काहीच चिकटत नाही, म्हणून पुन्हा साबणानं धुवायचं आणि पार कोरडी होईपर्यंत वाट पाहायची. मग बुडापासून सुरुवात: ग्लू गनचा ठिपका, सुतळीचा वेढा, ठिपका, वेढा. तिसऱ्या वेढ्याला अंगठा भाजतो. तो गोंद फुंकर मारून निवत नाही आणि पुसायला जावं तर दुसऱ्या बोटाला लागून बसतो. सहा बाटल्या झाल्या त्या रात्री माझा मोबाइल माझाच अंगठा ओळखेना. भाऊजींच्या दोन बाटल्यांवर बुडाशी काचेतच नाव उठवलेलं होतं. तेवढ्या भागावर वेढे नीट बसत नाहीत. ती बाजू भिंतीकडे करावी.

माठ रंगवा असंही कुणीतरी सुचवेलच. जरूर रंगवा. माठातलं पाणी मातीच्या छिद्रांतून बाहेर झिरपतं, हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. सगळी करामत तेवढीच. तुम्ही त्यावर अ‍ॅक्रिलिकचे दोन हात दिलेत आणि चमक यावी म्हणून वरून वार्निश लावलंत की माठाला रेनकोट चढला. मी त्यावर वारली काढली होती, गोल फेर धरून नाचणारी माणसं, ढोलवाला वेगळा. एप्रिल, बाहेर चाळीस अंश, आणि आत आंघोळीला चालेल असं पाणी. सासरे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेला खाली ठेवून त्यांनी मला हळूच विचारलं, "माठाला ताप आहे का गं?" मग एक साधा माठ विकत आणला. तो स्वयंपाकघरात, दाराआड. वारलीवाला दिवाणखान्यात, रिकामा.

रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतून, माणसं घरी येतात तेव्हा त्यांचे कपडे उभे राहू शकतील इतके रंगलेले असतात. तेही टाकू नका. ह्यांच्या सदऱ्याचे मी उशांचे अभ्रे शिवले. टाय अँड डाय म्हणून खपतात. फक्त पांढऱ्या कपड्यातल्या पाहुण्यांना तिथे बसवू नये, आणि बसवलंच तर उठताना पाठीकडे पाहू नये.

जुन्या साडीचं तोरण हा पुढचा टप्पा. जुनी म्हणजे कुणाची जुनी, हे आधी घरात स्पष्ट करून घ्यावं. कपाटात तळाशी, कापडात गुंडाळलेली, कधी कुणी नेसताना न दिसलेली साडी मला जुनी वाटली. ती महेश्वरी होती. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. सासूबाईंच्या लग्नात त्यांचे वडील स्वतः जाऊन, मागावर बसलेल्या विणकराशी बोलून ती घेऊन आले होते. दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे काठ. मी एकच काठ कापला होता, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते. तोरण मात्र सुरेख झालं. सासूबाई येता-जाता त्याला हात जोडतात.

चैत्रांगण हातानं काढायच्या फंदात पडू नका. गौरीचा पाळणा, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, सर्प, गोपद्मं, तुळशीवृंदावन अशी पन्नासेक चिन्हं, आणि खाली फ्लॅटची गुळगुळीत फरशी, जिच्यावर रांगोळी पंख्याच्या पहिल्याच फेऱ्यात सोफ्याखाली जाते. छापील स्टिकर मिळतो, तो मागवा. माझ्या स्टिकरवर हत्तीच्या शेजारी नाताळचं झाड आहे. तुळस असावी, असं आम्ही ठरवलं आहे.

या सगळ्या काळात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फार बोलू देऊ नये. आमच्या सासूबाईंचं माहेर रामबागेतल्या वाड्यात. त्यांच्याकडे म्हणे गौरीच्या पायऱ्या करायला लोखंडी ट्रंक, तिच्यावर पिठाचा डबा, त्यावर डाळीचा डबा, आणि वरून एक धुवट लुगडं टाकायचं. महिना संपला की लुगडं पुन्हा अंगावर आणि डबे फळीवर. मातीच्या पणत्यांत आळीव पेरायचे, चार-पाच दिवसांत हिरवंगार लुसलुशीत शेत व्हायचं. त्याच्या मधोमध हात-आरसा पालथा न घालता ठेवला की तळं. तळ्यावर कापसाचं बदक. मी विचारलं, खर्च किती यायचा? त्यांना प्रश्नच कळला नाही. "खर्च कसला? डबे घरातलेच ना." या अशा बोलण्यानं आपलं मन विचलित होतं आणि ग्लू गन हातात थंड पडते.

शेवटी हळदीकुंकवाचा दिवस. गौर तृतीयेला बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यावर असते, महिनाभरात कधीही बोलवा. मी शुक्रवारी बोलावलं, आणि त्या शुक्रवारी आमच्या भागातल्या आणखी चार घरी बोलावणं होतं. बायका घाईत होत्या. कलिंगडाचं कमळ मी सकाळी अकराला कोरलं होतं, दोन तास लागले. संध्याकाळी सहापर्यंत त्याच्या पाकळ्या खाली मान घालून बसल्या होत्या आणि भोवती मधमाश्यांचं हळदीकुंकू चालू होतं. कमळ कोरायचंच असेल तर ऐन वेळी कोरा, म्हणजे दार उघडायला कुणी नसेल तेव्हा.

आंब्याची डाळ सगळ्यांनी दोनदा मागितली. पन्हं संपलं. ओटीचे भिजवलेले हरभरे कमी पडले. माठाकडे पाहून एकीनं "हा रिकामा का?" विचारलं. बाटल्यांकडे बराच वेळ कुणी पाहिलं नाही, म्हणून मीच विषय काढला. तेव्हा ह्यांच्या आत्याबाईंनी चष्मा वर सरकवला, एक बाटली उचलली, भिंतीकडची बाजू पुढे फिरवली, बोटानं चाचपत अक्षर अक्षर जोडून नाव मोठ्यांदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे तर आमचे भाऊ घ्यायचे. महाग झाली असेल आता." अशा वेळी गौरीकडे बघावं. तीच काय ती हसत होती.

अक्षय्य तृतीया झाली, गौर उठली, आरास काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा मी सगळं एका पिशवीत भरून खाली नेलं. गाडीवरच्या बाईंनी पिशवीत डोकावून बाटली वर काढली. काच एकीकडे, सुतळी दुसरीकडे, मोती प्लास्टिकमध्ये, रंग कशात टाकायचा ते त्यांनाही ठरवता येईना. "अलग करके लाओ दीदी," एवढंच म्हणाल्या आणि गाणं पुढच्या दारी गेलं.

मी पायरीवर बसून एक वेढा सोडवून पाहिला. मला अडीच महिन्यांत एकदाही इतकी पक्की चिकटलेली वाटली नव्हती ती सुतळी. मग ह्यांना अटालेवाल्याकडे पाठवलं. त्यानं विकलेल्या चारही बाटल्या ओळखल्या, हातात फिरवून पाहिल्या आणि परत दिल्या. "रंगी-पुती नी चलेगी, भिया."

सध्या पलंगाखाली आहेत. सहाही आहेत. यंदाच्या गौरीसाठी कुणाला हव्या असतील तर सांगा, नगाला वीस लावीन. दोनांवर नाव आहे, त्या पंचवीसला.