खिडकीवरचं 'नाही' कागदावर मागा

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. घरात म्हातारं माणूस असेल तर शेवटपर्यंत वाचा.

पुण्यातल्या एका नागरी सुविधा केंद्राची खिडकी. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत असलेलं कुठलंही धरा. खिडकीपुढे एक आजी, पुरंदरच्या बाजूच्या. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी, त्यात नवऱ्याचे केसपेपर, आधार, पासबुक आणि लॅमिनेट केलेला मृत्यू दाखला. नवरा पुण्यात दवाखान्यात वारला. त्या रात्री फॉर्म भरताना पुतण्याने सांगितलं 'आबासाहेब', कारण अख्खा गाव त्यांना आबासाहेबच म्हणायचा. आधारवर, बँकेत, सातबाऱ्यावर नाव दत्तात्रय. बँक म्हणते, हा मेलेला माणूस आमचा खातेदार नाही. गावच्या नगरपरिषदेने सांगितलं, पुण्याला जा. पुण्यातली खिडकी म्हणाली, "पाचशेच्या स्टॅम्पवर अॅफिडेव्हिट आणा, गॅझेट करून आणा, मग बघू."

गॅझेट! गेलेल्या माणसाने आपलं नाव बदलल्याची जाहिरात राजपत्रात द्यायची? कोणी द्यायची, त्याने? राजपत्रातली नावबदलाची जाहिरात ही जिवंत माणूस नाव बदलतो त्यासाठी असते. इथे नाव बदललेलंच नाही, चुकीचं लिहिलं गेलंय. पण आजींनी मान डोलावली, पिशवीला गाठ मारली आणि वळल्या. राग मला त्याचाच आलाय. एवढं सगळं बोलणं झालं आणि एका ओळीचाही कागद तयार झाला नाही. उद्या कोणी विचारलं तर त्या बाई तिथे आल्याच नव्हत्या.

आता मुद्द्याचं, कारण हे प्रत्येक घरात घडणार आहे.

मृत्यूची नोंद माणूस जिथे मेला तिथे होते, जिथे राहत होता तिथे नाही. हे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 पासूनचं आहे. सासवडचा माणूस ससूनमध्ये गेला तर नोंद पुणे महापालिकेत. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात गेला तर पिंपरी-चिंचवड महापालिकेत. दवाखाना पुणे किंवा खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल तर त्या बोर्डात. अंत्यविधी गावाला नेऊन केला तरी नोंद गावाला जात नाही. म्हणजे नगरपरिषदेने आजींना पुण्याला पाठवलं ते बरोबरच होतं. फक्त पुण्यात कुठे, कोणाकडे आणि काय घेऊन, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यायला कोणाचा हात दुखत होता?

दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. मुदत 21 दिवस, तोवर पैसे लागत नाहीत. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क. त्यानंतर वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेलंय. ज्याने माहिती दिली त्याला पहिला दाखला मोफत, आणि तोही नोंद झाल्यापासून सात दिवसांत. हे कायद्यातच आहे.

चूक होते ती पहिल्या रात्री. दवाखान्याचा माणूस मृत्यूच्या अहवालाचा फॉर्म, म्हणजे नमुना 2, पुढे करतो. घरातली जवळची माणसं रडत असतात, म्हणून शेजारचा, पुतण्या, जावई असं कोणीतरी फॉर्म भरतं. हाक मारायचं नाव, अंदाजाने वय, भाड्याच्या खोलीचा पत्ता. हे सगळं तसंच्या तसं दाखल्यावर उतरतं. तेव्हा त्या रात्री घरातल्या एका शुद्धीवरच्या माणसाने एवढंच करायचं: मयताचं आधार समोर ठेवून अक्षर अन् अक्षर लावून बघायचं. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव, मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगसकट. आईचं नाव. मृत्यूची तारीख, विशेषतः मध्यरात्रीच्या आसपास गेलेल्यांची. मृत्यूच्या वेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता हे दोन वेगळे रकाने आहेत, दोन्ही. मग भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो. पाच मिनिटांचं काम, पण आजींच्या घरी ते कोणी केलं नाही आणि त्याची वसुली आता त्या माउलीकडून चाललीय.

चूक झालीच तर कायद्याचं कलम 15 आहे. लेखनातली चूक, म्हणजे वेलांटी, स्पेलिंग, अक्षर गळणं, निबंधक (म्हणजे नोंदी ठेवणारा अधिकारी) खात्री करून स्वतः दुरुस्त करू शकतो. नावच वेगळं असेल, म्हणजे आबासाहेब आणि दत्तात्रय, तर प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचं निवेदन लागतं, चूक काय आणि खरं काय हे सांगणारं. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्तीची नोंद करून सही-तारीख टाकतात. यात गॅझेट कुठेही येत नाही.

सगळ्यात कामाचा कागद कोणता, तर दवाखान्याचं पत्र. नोंद दवाखान्याच्या माहितीवरून झाली, मग चूक झाली हेही दवाखान्यानेच कळवलं की निबंधकाला हात झटकता येत नाहीत. वैद्यकीय अभिलेख विभागात जा, मूळ केसपेपरचा नंबर द्या, आणि 'नमुना 2 मध्ये नाव अमुक लिहिले गेले, ओळखपत्रानुसार तमुक असावे' असं निबंधकाच्या नावे शिक्क्यासह पत्र घ्या. जोडीला मयताचं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र, पासबुकाचं पहिलं पान, दोन निवेदनं, निवेदन देणाऱ्यांची ओळखपत्रं आणि आधी काढलेल्या दाखल्याच्या सगळ्या मूळ प्रती, कारण त्या जमा करून घेतात. आणि कृपा करून दाखला लॅमिनेट करू नका. त्यावर शिक्का बसत नाही, शेरा लिहिता येत नाही. आजींच्या दाखल्यावर तेच झालं होतं. कोपऱ्यात बुडबुडा आलेला आणि क्यूआर कोड बरोबर त्याच्याच खाली.

जाता जाता एक. मृत्यूचं कारण दाखल्यावर छापत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. विमा कंपनीला कारण हवं असेल तर ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात, नमुना 4 मध्ये असतं. त्याची प्रत दवाखान्याकडून घ्या. खिडकीवर त्यासाठी भांडू नका.

स्टॅम्पचं. ऑक्टोबर 2024 पासून शंभरच्या स्टॅम्पचे पाचशे झाले आणि कार्यालयाबाहेरच्या टेबलांची दिवाळी झाली. पण शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, शासनाचा 1 जुलै 2004 चा आदेश आहे. साध्या कागदावर चालतं. सत्यप्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणा म्हणणारे अजून आहेत. त्यांना 9 मार्च 2015 चा शासन निर्णय दाखवा: स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकन. झेरॉक्सवर स्वतःच सही करायची. वीस वर्षं जुना आदेश आणि दहा वर्षं जुना निर्णय, आणि एक म्हातारी पाचशेची नोट मोडायला निघालीय.

मान्य, खिडकीच्या आतला माणूसही काही सुखात नाही. एकटा जन्म-मृत्यू बघतो, वर निवडणुकीची ड्युटी, वर सर्व्हर बसलेला, आणि दिवसभर लोक ओरडणार. आजींना त्यानेच स्टूल दिलं, पाणीही विचारलं. त्याला मी वाईट म्हणणार नाही. बहुधा त्याला स्वतःलाच कलम 15 कोणी शिकवलेलं नाही. आधीचा जे सांगायचा ते तो सांगतो, आणि गॅझेट म्हटलं की माणूस परत येत नाही, हे त्याला अनुभवाने कळलंय.

म्हणूनच तोंडी बोलणं थांबवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 आहे, तो काही कपाटात ठेवायला केलेला नाही. अर्ज दिला की पोच मिळालीच पाहिजे, अर्जाचा क्रमांक आणि तारीख टाकून. काम नाकारलं तर कारण लेखी. मृत्यू दाखल्याला नगरपरिषदा-महापालिकांत मुदत तीन दिवस, मिळकतीवर वारसनोंदीला पंधरा. मुदत संपली किंवा नकार आला की तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. पुढे दुसरं, त्यापुढे राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना सेवा दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा द्यायला नेमलेल्याला, पाचशे ते पाच हजार रुपये दंड, त्याच्या खिशातून. पण यात एक मेख आहे. मुदत मोजतात ती सगळ्या कागदांसह पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणून तर 'अजून एक कागद आणा' हा खेळ चालतो. कोणते कागद लागतात हे एकदाच, लेखी मागा. मग नंतर नवा कागद काढायला जीभ रेटत नाही.

या सगळ्याचा फलक दर्शनी भागात लावायचा असतो: सेवा, शुल्क, मुदत, अधिकारी, अपिलीय अधिकारी. पाट्यांचं शहर म्हणवतो आपण. दुपारी एकदीडला बेल वाजवली तर खबरदार, हे लिहायला आपल्याला जागा सापडते. त्या केंद्रातला फलक मात्र लोखंडी कपाटामागे होता. डावीकडची वीतभर पट्टी दिसत होती, तीत फक्त अनुक्रमांक. एक ते पुढे सगळे. कोणती सेवा, किती दिवस, ते कपाटाला ठाऊक.

आणि बातम्या? प्रत्येक गावाचा न्यूज ग्रुप आहे, पोर्टल आहे, यूट्यूब चॅनेल आहे. भूमिपूजन, वाढदिवस, कोण कोणाच्या व्यासपीठावर दिसला, दिवसभर तेच. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, मतदान झालं जानेवारी 2026 ला. तेवढा काळ प्रशासक होता, नगरसेवक नव्हता, म्हणजे पत्र लिहून देणारंही कोणी नव्हतं. त्या काळात एका तरी चॅनेलने दाखल्याच्या दुरुस्तीला काय लागतं ते सांगितलं? जिल्ह्यातल्या नगरपरिषदांनाही आता नवे नगरसेवक मिळालेत. अभिनंदनाचे फ्लेक्स लागले, लागू देत. त्याच मापाचा एक फ्लेक्स कोणत्या कामाला कोणते कागद लागतात याचा लावा की. खर्च तोच.

कोणी म्हणेल, ऑनलाइन झालंय सगळं, आपले सरकार पोर्टल आहे. आहे. तुमच्या-माझ्यासाठी आहे. त्या आजींच्या हातातल्या फोनला बटणं होती.

बाहेर पायरीवर बसून त्यांच्यासाठी अर्ज लिहिला गेला, एका मुलीने लिहिला, रांगेतलीच होती. अक्षर सुरेख. खिडकीने घेतला नाही, 'दुरुस्तीचा अर्ज असा नसतो' म्हणे. मग आवक विभागात, म्हणजे कार्यालयात येणारी पत्रं घेतात तिथे, दिला. तिथे नाही म्हणता येत नाही, तिथे फक्त शिक्का मारायचा असतो. आवक क्रमांक पडला. आजींनी तो शिक्का ओला असतानाच बोटाने चाचपला आणि बोटाला शाई लागली म्हणून हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच.

आवकवालाही घेत नसेल तर स्पीड पोस्टाने, पोहोच पावतीसकट पाठवा. दुरुस्ती ही सेवा तुमच्या कार्यालयाच्या फलकावर नसेल तर सेवा हक्काचं अपील तिथे चालणार नाही. मग महिनाभर थांबून माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची आणि टिपणीची प्रत द्यावी. का हवी ते सांगायची गरज नाही. दीडशे शब्दांत बसवा, विषय एकच ठेवा. बऱ्याचदा त्या कागदाला उत्तर येण्याआधी दाखलाच तयार होतो, का ते तुम्ही समजा.

अर्जाचा मजकूर देतो, कॉपी करा:

प्रति, निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, (कार्यालय).
विषय: मृत्यू नोंद क्र. ___, दि. ___ मधील नावाची दुरुस्ती, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969, कलम 15.
महोदय, वरील नोंदीत मयताचे नाव ___ असे आहे. ओळखपत्रांनुसार व रुग्णालयाच्या दि. ___ च्या पत्रानुसार ते ___ असे असावे. दोन व्यक्तींची निवेदने व कागदपत्रे यादीप्रमाणे सोबत जोडली आहेत. दुरुस्ती करून सुधारित दाखला द्यावा. आणखी कागदपत्रे आवश्यक असल्यास त्यांची यादी, संबंधित नियमाच्या उल्लेखासह, एकदाच व लेखी कळवावी. अर्ज नाकारायचा असल्यास कारणे लेखी द्यावीत.
अर्जदाराचे नाव, मयताशी नाते, पत्ता, मोबाइल, सही.

दोन प्रती काढा. एक त्यांना, एक शिक्का मारून आपल्याकडे. सोबतच्या कागदांची यादी दोन्ही प्रतींवर हवी, नाहीतर पत्र मिळालंच नाही म्हणतात. दुरुस्त दाखला आला की निदान पाच प्रती एकदम काढा: बँक, विमा, पेन्शन, तलाठी, घरपट्टी. आणि खिडकी सोडायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही.