मदत न करण्याचे कष्ट

बालवाडीच्या ताईला गाणी यावी लागतात, गोष्टी याव्या लागतात, धावत्या मुलाचं नाक पुसता यावं लागतं. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते समोर अडीच वर्षांचं मूल एका बटणाशी झटत असताना आपले हात पाठीमागे धरून उभं राहणं. माझे हात अजूनही माझं ऐकत नाहीत.

इटलीच्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी बाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं आणि लहान मुलांना खरीखुरी कामं करू दिली. मुलांची सोय झाली, मोठ्यांची पंचाईत सुरू झाली.

बटणांची चौकट म्हणजे लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर आणि मध्ये मोठाली बटणं. आधी बटणं काढायला शिकवायची, लावणं नंतर, कारण काढणं सोपं. दाखवताना तोंड बंद ठेवायचं. आपण बोललो की मूल आपल्या तोंडाकडे बघतं आणि तेवढ्यात बोटांनी काय केलं ते निसटतं. बटण काजातून अर्धं ढकलायचं, थांबायचं, दुसऱ्या हाताने पलीकडून पकडायचं, मग ओढायचं. मधलं थांबणं गाळलं, तर मूल एकाच बाजूने ढकलत बसतं आणि बटण काजात अर्धं अडकून राहतं. आणि आपल्याला घाम फुटतो.

पाणी ओतण्याची सुरुवात कोरड्या दाण्यांपासून. दोन सारखे, चोचीचे, मुलाच्या मुठीत मावतील असे छोटे जग घ्यायचे. दाणे जमले की पाणी, तेही अर्धाच जग. काठोकाठ भरलेला जग जरा कलला की पाण्याचा लोट येतो. तबकात स्पंज ठेवायचा तो लहान. मोठा स्पंज इवल्याशा मुठीत पिळला जात नाही आणि पुसलेलं सगळं पाणी पुन्हा टेबलावर येतं. इथे एक धोका कुणी सांगत नाही. स्पंजाची गंमत एकदा कळली की मूल पुसायला मिळावं म्हणून मुद्दाम सांडतं. रागावू नये, त्याच्या दृष्टीने ओतणं ही पुसण्याची पूर्वतयारी असते. पेला मात्र काचेचाच द्यावा असं माझं ठाम मत. प्लॅस्टिकचा पेला आपटला तरी काही होत नाही, मग सांभाळायचं कशाला? फुटल्यावर काचा ताईने वेचायच्या. स्वावलंबनाला तेवढी सुट्टी.

जाकिटाची युक्ती तर जादूच. जाकीट उघडून, अस्तर वर करून जमिनीवर पसरायचं. मुलाने कॉलरच्या बाजूला उभं राहायचं, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जाकीट डोक्यावरून मागे टाकायचं. मूल चुकून खालच्या काठाशी उभं राहिलं, तर कॉलर कमरेखाली येते आणि ते तशाच थाटात वर्गभर हिंडतं. चेनचं दुखणं वेगळं. खालची पिन खाचेत तळापर्यंत बसली नाही की चेन तिरकी चढते आणि मधूनच फाकते. एका हाताने खालचं टोक ताणून धरायचं असतं, ते विसरतं.

बूट उलटसुलट होऊ नयेत म्हणून हत्तीचं स्टिकर मधोमध कापून अर्धं अर्धं दोन्ही बुटांच्या आत, आतल्या कडेला लावतात. बूट बरोबर ठेवले की हत्ती जुळतो. चुकले की सोंड थेट शेपटीसमोर येते. काही मुलांना हा हत्ती जास्त आवडतो.

आता यातल्या प्रत्येक कामाला वेळ लागतो, म्हणून घरून दहा-पंधरा मिनिटं आधी सुरुवात करावी, असं मी पालकांना सांगते. "अहो ताई, आज घाई आहे, मीच घालते," म्हणत आई खाली बसते आणि बूट चढवते. मूल शांतपणे दोन्ही बूट काढतं, मोजेही काढतं आणि पहिल्यापासून सुरू करतं.